मागच्या बाकावरचा प्रश्न

अंबाजोगाई, शुक्रवार रात्र

अकरावीला आज समता शिकवत होते. राज्यघटनेचं कलम १४ फळ्यावर लिहिलं, तोवर केजकडची एक पोरगी उठली. "मॅडम, माझ्या आजीला आता कुणाचं नाव आठवत नाही, तरी ती तुमच्या-माझ्याएवढीच माणूस ना? तान्ह्या लेकरालाबी काही कळत नाही. मग पोटातल्यानंच काय घोडं मारलं?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही, प्रश्न चोख होता.

भाकरी थापतानाही तेच डोक्यात. अकलेवर माणसाची किंमत ठरवली तर समता उरतच नाही, हे तिचं खरं. गर्भ म्हणजे नुसता मांसाचा गोळा, हे मला कधीच पटलं नाही. कायदाही तसं धरत नाही: हिंदू वारसा कायद्याच्या कलम २० नुसार बाप वारला तेव्हा पोटात असलेल्या लेकरालाही भावंडांसारखाच वाटा, फक्त ते जिवंत जन्मायला हवं.

पण आजी जगावी म्हणून माझं रक्त कुणी जबरदस्तीनं काढून घेत नाही. बाप पोराला मूत्रपिंड देतो तेही राजीखुशीनं. मग समतेच्या हिशोबातून नेमकी बाईच कशी गळते? १९७१ च्या कायद्यानं गर्भपाताला वाट दिली, २०२१ साली काही बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली. शेवटचा शब्द मात्र डॉक्टरचाच.

आणि आमचा बीड जिल्हा! २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली. तिथं माझा राग पाडण्यावर नाही, मुलगी म्हणून पाडण्यावर आहे. घरात जी पोरगी आधीच खेळतेय, तिलाही त्यातून स्वतःची किंमत कळते. पुढं गर्भलिंग तपासणाऱ्या दवाखान्यांवर धाडी पडल्या, ते बरंच झालं. पण गल्लीतली ऊसतोडीला जाणारी मावशी, तीन लेकरांची आई, मजुरीची उचल आगाऊ घेऊन बसलेली. तिला दिवस गेले, लवकरचेच होते, तरी "पिशवी साफ करायची" म्हटल्यावर धाडींच्या धास्तीनं दवाखान्यानं हात वर केले. मग ती कुठं गेली, तिनं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

दिवस भरत जातात तसा त्या जिवाचा दावा वाढतो, असं मला वाटतं. सहाव्या आठवड्याला आणि सव्विसाव्याला मी एकाच मापानं मोजणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन लेकरांच्या आईला सव्विसाव्या आठवड्यात गर्भपाताला नकार दिला, तेव्हा मला राग आला होता. आज तितका येत नाही. सोमवारी त्या पोरीला हे सगळं सांगणार आहे. ती ऐकून घेणारी नाही.