हात येईल का?

लकव्याच्या पेशंटना व्यायाम देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा प्रश्न मला वॉर्डात, जिन्यात, अगदी लग्नाच्या पंगतीतही गाठतो : "मॅडम, हात येईल का? कधी येईल?" तोवर विचारणाऱ्यांना "बघू या, हळूहळू होईल" एवढंच उत्तर मिळालेलं असतं. खरं तर याहून बरंच नेमकं सांगता येतं. फक्त पहिल्या दिवशी नाही.

आधी उपचारांबद्दल. लकवा बऱ्याचदा मेंदूची नस रक्ताच्या गुठळीनं बंद झाल्यामुळे होतो. साडेचार तासांच्या आत ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं, किंवा जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर काढली, की घरच्यांना वाटतं आता माणूस उठून बसणार. काही जण उठतातही. पण नस उघडल्यावर वाचतो तो मेंदूचा तग धरून असलेला भाग. आधीच मेलेला परत येत नाही. मोठी नस बंद झालेल्यांवरच्या पाच चाचण्यांचे आकडे 2016 साली एकत्र मांडले गेले. गुठळी काढलेल्यांपैकी 46 टक्के लोक तीन महिन्यांनी आपलं आपण करू शकत होते, बाकीच्यांमध्ये 26.5 टक्के. फरक प्रचंड आहे, यात शंका नाही. तरी या उपचारानंतरही निम्म्याहून अधिक जण उरतातच, आणि त्यांतले जगलेले आमच्याकडे येतात.

आता हात. तिसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी बघते : खांद्यातून हात बाजूला उचलता येतो का, आणि बोटं सरळ करता येतात का. मूठ नव्हे. "बाबांनी माझा हात घट्ट धरला!" म्हणून मुलं आनंदानं सांगायला येतात, त्यांचा विरस करणं जिवावर येतं. पण मूठ बऱ्याचदा आपोआप वळते. बोट उघडायला मात्र मेंदूपासून मणक्यात उतरणारी मुख्य वाट शाबूत लागते, आणि ते बोट जरासं जरी उघडलं तरी ती वाट थोडीफार वाचली आहे असा त्याचा अर्थ. नेदरलँड्समधल्या 2010 च्या अभ्यासात, पहिल्या 72 तासांत या दोन्ही हालचाली थोड्याफार दिसल्या तर सहा महिन्यांनी हाताला काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता 98 टक्के निघाली. दोन्ही नसतील तर 25, आणि नवव्या दिवशीही नसतील तर 14.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या कॅथी स्टिनीअर यांच्या गटानं यावरून एक पद्धतच बसवली. खांद्याला पाचपैकी गुण, बोटांना पाचपैकी गुण. बेरीज पाच किंवा जास्त आणि वय ऐंशीच्या आत असेल तर हात उत्तम येण्याची अपेक्षा धरायची. बेरीज कमी असेल तर डोक्यावर चुंबकीय यंत्र धरून संदेश हातापर्यंत पोचतो का ते पाहायचं. एवढं करूनही अंदाज चारात तीनदाच बरोबर येतो. माझ्याकडे ते यंत्र नाही, त्यामुळे मी बोटांवरच भरवसा ठेवते आणि "चुकू शकतं" हे सांगून ठेवते.

पायाचं गणित वेगळं. चालायला शरीराकडे आडवाटा असतात, म्हणून पाय बहुधा हाताच्या आधी येतो. आधाराशिवाय बसता येतंय आणि पायात थोडा जोर आहे, एवढं पहिल्या तीन दिवसांत दिसलं तरी मी निर्धास्त होते.

बोलणं आणि मन मात्र या गुणांत मावत नाही. हात आलेला माणूस बँकेत एकटा जायला घाबरतो, दिवसभर थकून पडतो. लकव्यानंतर तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि घरात त्याला "आळस" म्हणतात.

वाईट अंदाज सांगावा का? पहिल्या एकदोन दिवसांत मी सांगत नाही. "याचं काही होणार नाही" असं एकदा ठरलं की प्रयत्न कमी होतात आणि मग खरंच काही होत नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांच्या बाबतीत अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही उपचार आवरते घेण्याचे निर्णय दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत टाळायला सांगतात. दोनेक आठवडे झाले आणि बोट उघडत नसेल, तर मात्र स्पष्ट सांगते. नाहीतर सहा महिने मालिश, कबुतराचं रक्त आणि लुळा हात ओढून ओढून खांदा निखळवणं यातच जातात. तेवढ्या वेळात चांगल्या हातानं जेवणं, शर्टाची बटणं लावणं शिकून होतं.

शिवाय आणखी एक कारण आहे, आणि माझ्या लेखी तेच मोठं. हात आला नाही की दोष द्यायला घरात कुणीतरी लागतं, आणि ती बहुतेक वेळा सून असते. "हिनं व्यायाम नीट घेतला नाही." भारतातल्या 14 हॉस्पिटलांत 1250 पेशंटवर मोठी चाचणी झाली, 2017 साली तिचे निकाल आले. अर्ध्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि देखभालीचं खास शिक्षण दिलं होतं. सहा महिन्यांनी मृत्यू झालेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत 47 टक्केच. व्यायाम फुकट असा याचा अर्थ नाही. चांगल्या हाताला शिकवणं, खांदा जपणं, सांधे आखडू न देणं हे त्यानंच होतं. पण मेलेली वाट घरच्यांच्या मेहनतीनं जिवंत होत नाही. हे मी सासूसासऱ्यांच्या समोर, सून तिथं हजर असताना सांगते. पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा सांगते.