काळ्याचे प्रकार

टीव्ही नीट चालत असला की त्याच्याकडे कुणी बघत नाही. आत्या शेंगा फोडत असते, पोरं मोबाइलात, मामा पेपरात. पण एकदा का पडदा काळा झाला की अख्खं घर सोफ्याच्या टोकावर येऊन बसतं आणि त्या काळ्याकडे असं रोखून बघतं, की तेवढं लक्ष कुठल्या सिनेमाच्याही वाट्याला येत नाही. मग मला फोन येतो.

"अरे, नुसतं काळं दिसालंय."

"कसलं काळं?"

या प्रश्नावर खानापूरकडून थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग आत्या फोन मामांकडे देते. (मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्या भागात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, पुण्यामुंबईकडच्यांनी गोंधळू नये.) मामा म्हणतात, "काळं म्हणजे काळं. त्यात काय प्रकार असतात होय?"

असतात. नातेवाइकांकडे मीडिया प्लेअर, म्हणजे साठवलेले व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारे डबे, लावून देण्याचं काम कधी कसं माझ्या गळ्यात पडलं ते आठवत नाही, पण त्या निमित्ताने काळ्यातला फरक मला बऱ्यापैकी कळायला लागलाय. एक काळं म्हणजे टीव्हीच बंद. ते सगळ्यात सोपं आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघणारं. दुसऱ्या काळ्यावर 'नो सिग्नल' अशी पाटी इकडून तिकडे हिंडत असते. म्हणजे टीव्ही जागा आहे, पण एकतर वायर निसटलीय, नाहीतर रिमोटवरून कुणीतरी सोर्स बदललाय. तिसरं काळं ओळखायला खोलीतली ट्यूब बंद करावी लागते, दुपार असेल तर पडदेही ओढावे लागतात. पाटी नाही, चित्र नाही, पण काच अंधारात जराशी निळसर उजळलेली दिसते. हे काळं मला सगळ्यात आवडतं. डबा आणि टीव्ही यांचं बोलणं चालू आहे, फक्त मजकूर रिकामा आहे, असा त्याचा अर्थ.

मामांचा डबा म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा संगणक, आणि त्यावर कोडी नावाचा व्हिडिओ चालवणारा प्रोग्राम. हे कोडी मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहिलं गेलं आणि बरीच वर्षं एक्सबीएमसी म्हणून ओळखलं जायचं. २०१४ साली त्याचं नाव बदललं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या गावाच्या, म्हणजे बेळगावच्या, सरकारी पाट्यांवरचं नावही बदललं. दोन्हीकडे जुनी माणसं जुन्याच नावाने बोलावतात आणि दोघांचंही काही अडत नाही.

पाऊस लागला की खानापूरकडे नेटचा भरवसा नसतो, म्हणून सगळा माल हार्डडिस्कवर. नाटकं, कीर्तनं, घरातली लग्नं, बारशी. डबा मी बेळगावात बसून तयार करून पाठवला असता, पण मामांना ते स्वतः करायचं होतं. रिटायर झालेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? डब्याच्या मेमरी कार्डावर सिस्टिम उतरवून घेईपर्यंत काही अडचण आली नाही. नंतर विंडोजने विचारलं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?' डब्याची सिस्टिम लिनक्सची, आणि विंडोजला लिनक्सची मांडणी वाचता येत नाही, म्हणून भरलेलं कार्डही त्याला कोरं वाटतं. मी फोनवरून ओरडून 'नको' म्हणायला लावलं. इतक्या अदबीने विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणणं मामांच्या स्वभावात नाही. बँकेतल्या नोकरीत त्यांचं आयुष्य अशा प्रश्नांना सही करण्यात गेलं.

मग पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसायला लागली. बाहेर खरीखुरी वीज कडाडत होती, त्यामुळे आत्याचं म्हणणं पडलं की यंत्राला कळतंय, आधी बटण बंद करा. ती खूण निराळी. रास्पबेरी पायला पाच व्होल्ट लागतात. ते साधारण ४.६३ च्या खाली घसरले की ही वीज चमकते. मामांनी जुन्या मोबाइलचा चार्जर लावला होता आणि त्याची वायर चपलेच्या नाडीइतकी बारीक. बारीक आणि लांब वायरीत व्होल्ट वाटेतच गळतात. चांगला चार्जर आला तशी कोपऱ्यातली वीज गेली. बाहेरची गणपतीपर्यंत राहिली.

खरा घोळ लाईट गेल्यावर व्हायचा. लाईट यायची, डबा आपला आपण सुरू व्हायचा, त्याचा दिवा लुकलुकायचा, आणि टीव्ही लावला की काळं. डबा काढून पुन्हा लावला की ठीक. मामांनी निष्कर्ष काढला की डब्याला लाईट जाण्याचा धक्का बसतो. असं काही नसतं. बेळगावच्या खडेबाजारात दुकानात शिरलात की मालक तुमचं पहिलं वाक्य ऐकून घेतो. मराठी आलं तर मराठी, कन्नड आलं तर कन्नड, उर्दू आलं तर तेही, आणि मग त्याच भाषेत भाव सांगतो. डबा आणि टीव्ही जोडणाऱ्या एचडीएमआयच्या वायरीतूनही हेच चालतं. डबा आधी टीव्हीला विचारतो, तुला काय झेपतं? टीव्ही सांगतो, १९२० बाय १०८०, सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा, आवाज असा असा. त्याप्रमाणे डबा चित्र पाठवतो. आता लाईट आल्यावर डबा जागा होतो, पण टीव्ही रिमोटची वाट बघत झोपलेला. बरेच टीव्ही झोपेत उत्तर देत नाहीत. पायच्या जुन्या पिढ्या उत्तर आलं नाही की एचडीएमआय सोडून जुन्या पिवळ्या पिनेवर चित्र पाठवायला लागतात. तिथे वायरच नाही. म्हणजे चित्र चालू होतं, फक्त भिंतीला दाखवलं जात होतं. डब्याच्या सेटिंगच्या, म्हणजे कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालायची, की टीव्ही उत्तर देवो न देवो, एचडीएमआय सोडू नकोस. शेजारचे वायरमन तेव्हा बसलेले होते. लाईट मुद्दाम बंद-चालू करून बघितली, चित्र आलं, तसे ते म्हणाले, "सरी आतु नोड्री," म्हणजे 'झालं बघा ठीक', आणि चहा संपवून उठले.

आवाज येतो पण चित्र अडखळतं, ही तक्रार वेगळी. पुतण्याने पेनड्राइव्हमधून आणलेल्या नव्या फायली एच.२६५ पद्धतीने आवळलेल्या असतात. ही पद्धत २०१३ सालची. तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते, पण उलगडताना घाम काढते. मामांच्या डब्यासारख्या पायच्या तिसऱ्या पिढीत त्यासाठी वेगळी सोय नाही, ती २०१९ सालच्या चौथ्या पिढीत आली. आवाज उलगडायला फारसे कष्ट नसतात, म्हणून तो वेळेवर पोचतो. पुतण्याला सांगितलं, बाबा, जुन्या पद्धतीतल्या फायली आण. विषय संपला.

पण मामांनी हा सगळा खटाटोप केला तो एका व्हिडिओसाठी, हे मला उशिरा कळलं. बेळगावची शिवजयंती वैशाखातली, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. त्यांच्या धाकट्या भावाने कधीकाळी मारुती गल्लीच्या एका माडीवरून ती व्हीएचएस कॅमेऱ्यात धरली होती. कॅसेट एकाने कॉम्प्युटरवर उतरवून दिली. टीव्हीवर लावली तर लेझीम खेळणाऱ्या प्रत्येक हाताला फणीचे दात फुटलेले. उभा माणूस स्वच्छ, हलणारा माणूस फाटलेला. "कॅसेट खराब झाली," म्हणून मामा खट्टू झाले.

कॅसेट ठीक होती. आपल्याकडचं जुनं चित्र सेकंदाला पंचवीस, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं. आधी एकाआड एक ओळी, मग एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने राहिलेल्या ओळी. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते डोळ्यांना जुळून दिसायचं. सपाट टीव्ही अख्खं चित्र एकदम मांडतो, आणि तेवढ्या अवधीत लेझीम मात्र वितभर पुढे गेलेली असते. म्हणून दात. कोडीत व्हिडिओ चालू असताना सेटिंगमध्ये डीइंटरलेस नावाची सोय आहे, ती चालू केली. दात गेले. मशालींचा धूर, चित्ररथावरच्या पुठ्ठ्याच्या गडाचा बुरूज, त्यावर उभा राहून कंटाळलेला लहानगा मावळा जांभई देताना स्पष्ट दिसला. तो आता हिंडलग्याला दुकान चालवतो म्हणे.

उरली कोपऱ्यातली तारीख. कॅमेऱ्याने छापलेले आकडे खालून अर्धे कापलेले. जुन्या टीव्हीत काचेच्या कडेला चित्र वेडंवाकडं व्हायचं, म्हणून कडेचा थोडा भाग मुद्दाम झाकत. काचेची नळी गेली, पण कित्येक नवे टीव्ही अजून ती कड खातात. टीव्हीच्या मेन्यूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी सापडतं. ते दाबलं आणि साल दिसलं: १९९६. आत्या १९९६ म्हणत होती, मामा १९९८. मामा शांतपणे म्हणाले, कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असणार.

शेवटी आकार. जुनं चित्र चौकोनी, चारास तीन; टीव्ही सोळास नऊ. ताणून बसवलं की घोडे बुटके होतात आणि भालदार-चोपदार सगळे एकाच खानावळीत जेवलेले दिसतात. मी मूळ आकार ठेवला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. एवढ्या सगळ्या काळ्यांत रीतसर आणि योग्य असं काळं हेच, असं मी अगदी समजावून सांगितलं.

"एवढा मोठा टीव्ही घेतलाय तो कडेला काळं बघायला होय?" आत्या म्हणाली, आणि मामांनी माझ्यासमोरच रिमोट उचलून चित्र ताणलं. मिरवणूक पडदाभर पसरली. सगळे मावळे गुटगुटीत.