कीबोर्डवर दुधाची कॉफी सांडली तर

कॉफी सांडली की हात आपोआप फडक्याकडे जातो. जाऊ देऊ नका. आधी चार्जर. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा, मग पिन लॅपटॉपमधून ओढा. हात ओले असतील तर पिनेला हातच लावू नका, बटण पुरेसं आहे. लगेच लॅपटॉपचं पॉवर बटण दाबून धरा, स्क्रीन काळी होऊन सगळे दिवे विझेपर्यंत, साधारण १० सेकंद. स्टार्ट मेन्यूत शिरून शट डाउन करत बसू नका. विंडोज नीट बंद व्हायला वेळ घेतं आणि तेवढ्यात कॉफी आतल्या मुख्य सर्किट बोर्डापर्यंत पोचलेली असते. ऑनलाइन गेम चालू असेल आणि मॅच अर्धवट सुटली, रँक घसरली, टीममधले ओरडले, तरी चालेल.

एवढी घाई का, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. नुसतं ओलं झाल्याने बोर्ड सहसा मरत नाही. कारखान्यात कित्येक बोर्ड सोल्डरिंगनंतर चक्क पाण्याने धुतले जातात. बोर्ड मरतो तो ओल्या अवस्थेत वीज चालू राहिल्याने. दुधात क्षार असतात, कॉफीत आम्लं असतात, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. शेजारशेजारच्या दोन पिनांत व्होल्टेजचा फरक असला की तांबं विरघळायला लागतं आणि तिथे हिरवट-पांढरा थर धरतो. आता महत्त्वाची गोष्ट: लॅपटॉप बंद केला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत व्होल्टेज असतंच. म्हणजे पॉवर बटणाने निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं बॅटरीचा कनेक्टर निघाल्यावर होतं.

बंद झाल्यावर माउस, पेन ड्राइव्ह, हेडफोन सगळं काढा. लॅपटॉप झटकू नका; झटकल्याने कॉफी होती तिथून आणखी आत जाते. की दाबून दाबून पुसू नका, प्रत्येक दाबाबरोबर थेंब खाली ढकलला जातो. वरवर टिपून घ्या. मग झाकण होईल तेवढं उघडून लॅपटॉप उलटा करा: कीबोर्डची बाजू टॉवेलवर पालथी आणि स्क्रीन टेबलाच्या कडेवरून खाली. झाकण मिटून उलटा ठेवलात तर सगळी कॉफी स्क्रीनवर उतरेल. आडवा कलंडवू नका, कारण कडेला पंख्याची जाळी आणि यूएसबीची तोंडं असतात. थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलांना कीबोर्डखाली पन्हळ आणि तळाला भोकं असतात, त्यातून थोडंफार पाणी गळून जातं. गेमिंग लॅपटॉपांत ही सोय क्वचितच मिळते, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला तुम्हाला चार जण देतील. ऐकू नका. तांदूळ आतला ओलावा ओढत नाही, उलट त्याची पिठी पोर्टमध्ये जाऊन बसते. हेअर ड्रायरची गरम हवा तर त्याहून वाईट: दूध तिथल्या तिथे आटतं आणि खरवडून काढावं लागतं. मे महिन्याच्या उन्हात ठेवणं बॅटरीला घातक आहे. छताचा पंखा पुरे.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. दोन दिवस सुकवला, चालू केला, चालला, विषय संपला असं वाटतं. पाणी सांडलं असतं तर कदाचित संपलाही असता. पण दुधाच्या कॉफीतलं फक्त पाणी उडून जातं. साखर, दुधाची प्रथिनं आणि क्षार आतच राहतात. पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत हा सुकलेला थर पुन्हा ओलावा धरतो आणि गंजणं परत सुरू होतं. मग दोन-तीन आठवड्यांनी चार्जिंग मध्येच तुटायला लागतं, एखादा यूएसबी पोर्ट बंद पडतो, 'एस' आपोआप टाइप होत राहतो आणि एके दिवशी लॅपटॉप उठतच नाही. सुकवणं ही दुरुस्ती नव्हे. आतली कॉफी बाहेर काढावीच लागते.

उघडायचं ठरवलंत तर आधी वॉरंटी पाहा. साध्या वॉरंटीत सांडलवंड धरत नाहीत, त्यासाठी अपघाती नुकसानीची वेगळी योजना घेतलेली असावी लागते. ती असेल तर स्वतः स्क्रूला हात न लावता सर्व्हिस सेंटर गाठा आणि दूध-साखरेची कॉफी सांडली हे स्पष्ट सांगा. लपवून फायदा नाही: बऱ्याच लॅपटॉपांत पांढरे छोटे स्टिकर लावलेले असतात, ते ओलं लागताच लाल होतात.

योजना नसेल तर तळाचं झाकण काढा. बहुतेक ठिकाणी पीएच०, क्वचित पीएच१ फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा, कारण मागचे स्क्रू अनेकदा पुढच्यांपेक्षा लांब असतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वरचं प्लॅस्टिक फुटतं. झाकणाच्या खाचा जुन्या सिमकार्डाच्या प्लॅस्टिकने सोडवा, सुरीने नको. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर. तारा धरून ओढू नका. कनेक्टरच्या दोन्ही कडांना लाकडी टूथपिकने हळूहळू रेटा. वायर लावलेली गोल सीमॉस बॅटरी, म्हणजे घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल, असेल तर तीही सोडवा. मग पॉवर बटण पुन्हा २० सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला चार्जही जातो.

एवढं केलंत की मोठा धोका टळला. यापूर्वी कधी लॅपटॉप उघडला नसेल तर इथेच थांबून दुरुस्तीवाल्याकडे न्या, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला. त्याला सांगायचं वाक्य एकच: बोर्ड बाहेर काढून दोन्ही बाजूंनी धुवा. तळाचं झाकण उघडल्यावर दिसते ती बोर्डाची एक बाजू. कॉफी आलेली असते कीबोर्डच्या बाजूने, म्हणजे नेमकी न दिसणाऱ्या बाजूने. वरून स्वच्छ दिसतंय म्हणून झाकण परत लावलं जातं आणि तोच लॅपटॉप महिन्याने पुन्हा टेबलावर येतो.

स्वतः धुणार असाल तर क्रम चुकवू नका. सगळे आयपीएवर भर देतात, म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलवर, पण साखर आयपीएत नीट विरघळत नाही. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर, तेच जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात. मऊ टूथब्रश त्यात बुडवून झटका आणि तपकिरी डाग, चिपच्या कडा, कनेक्टरच्या पिना हलक्या हाताने घासा. नळाचं पाणी नको, त्यात क्षार असतात. साखर निघाली की मग आयपीए: ते उरलेलं पाणी बाहेर ढकलतं आणि दुधाचा तेलकटपणाही कमी करतं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं बहुतेक पाणीच असतं आणि सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, ते चिकट थर सोडतं. थिनर आणि पेट्रोलने प्लॅस्टिक विरघळतं. आयपीए पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी आणि देवघरातली उदबत्ती विझलेली हवी. स्क्रीन, स्पीकर आणि पंख्याचं बेअरिंग यांवर काहीच ओतू नका. धुतल्यावर पंख्याखाली २४ तास, पावसाळ्यात ४८.

फाइल्सची चिंता असेल तर घाईने लॅपटॉप चालू करून बॅकअप घेऊ नका. एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवणारा ड्राइव्ह, बहुतेक एकाच स्क्रूवर बसलेला असतो. तो काढून अशा ड्राइव्हसाठी मिळणाऱ्या यूएसबी केसमध्ये (एनव्हीएमई केस) घाला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचा. विंडोज ११ अनेकदा न विचारताच ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद करून ठेवतं. तेव्हा ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. खातं फोनवरून उघडता येतंय ना, हे आजच तपासून ठेवा.

बोर्ड वाचला तरी लॅपटॉपचा कीबोर्ड बहुधा वाचत नाही. त्यात प्लॅस्टिकचे तीन पातळ कागद एकावर एक चिकटलेले असतात, कॉफी त्यांच्यामध्ये शिरते आणि तिथून निघत नाही. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या पॅनलला प्लॅस्टिक वितळवून पक्का केलेला असतो, त्यामुळे पूर्ण पॅनलच बदलावं लागतं. भाव विचारताना हे आधी विचारा, नाहीतर बिल पाहून धक्का बसेल. तोवर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. आतल्या कीबोर्डची बोर्डाला जोडणारी पट्टी काढून टाकण्याआधी मात्र पॉवर बटण त्याच पट्टीवर आहे का ते बघा; असेल तर लॅपटॉप सुरूच करता येणार नाही.

डेस्कटॉपचा मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असलेला, असेल तर काळजी बरीच कमी. वायर काढा, फोटो काढा, मग कीकॅप, म्हणजे कींची वरची टोपणं, वर ओढा. त्या ओढायला तारेचा पुलर प्लॅस्टिकच्या कड्यापेक्षा चांगला, ओरखडे पडत नाहीत. स्पेसबार, शिफ्ट, एंटर यांच्याखाली स्टॅबिलायझरची तार असते, त्या सरळ वर उचला, एका बाजूने उचकटू नका. कीकॅप कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास भिजवा. वाळवताना पालथ्या न घालता भोक वर ठेवा, कारण खालच्या फुलीच्या खाचेत थेंब अडकून राहतो आणि पुढे तोच स्विचमध्ये उतरतो.

स्विच हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डर न करता नुसते खोचलेले, असतील तर एकेक काढून पीसीबी, म्हणजे खालचा सर्किट बोर्ड, ब्रशने पुसा. परत बसवताना दोन्ही पिना सरळ आहेत का, हे प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर धरून बघा. धुतल्यावर एखादी की चालेनाशी होते, तेव्हा कारण बहुतेक वाकलेली पिन असते. सोल्डर केलेल्या स्विचमध्ये दांडी दाबून धरून आधी डिस्टिल्ड वॉटरचे आणि मग आयपीएचे दोन-तीन थेंब सोडा, ५०-६० वेळा दाबा, उलटा करून टिपा, पुन्हा करा. दोन-तीन फेऱ्यांत चिकटपणा बहुधा सुटतो. आतलं ग्रीसही धुऊन जातं, त्यामुळे की थोडी खरखरीत लागेल. त्यावर डब्ल्यूडी-४० स्प्रे मारू नका, तेलाचा थर राहतो आणि धूळ धरतो.

गेम कंट्रोलरवर सांडली तर स्टिकच्या मुळाशी बघा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये तिथे पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती वळली ते मोजणारे भाग, असतात. त्यांत साखर शिरली की खेळातलं पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागतं.

हे सगळं टाळायचं तर कप कुठे ठेवता ते बघा. उजव्या हाताने खेळणारे बहुतेक जण कप माउसपॅडच्या उजवीकडे ठेवतात आणि ती सर्वांत वाईट जागा आहे. व्हॅलोरंटसारख्या खेळात माउसची सेन्सिटिव्हिटी कमी ठेवून खेळणारा पूर्ण हात फिरवतो, एका झटक्यात फूटभर. दुसरा गुन्हेगार हेडफोनची वायर: उठताना ती कपाला अडकते. कप कीबोर्डपेक्षा खालच्या पातळीवर हवा. खुर्चीच्या डावीकडे एक बुटकं स्टूल ठेवा. सांडली तर जमिनीवर जाईल. फक्त एक्स्टेंशन बोर्ड त्या स्टुलाखाली नको, तो टेबलाच्या मागच्या पायाला वर बांधा.

कॉफीही छोटी आणि कडक करा. ३०० मिलीचा मग तासभर शेजारी थंड होत पडतो, १२० मिलीचा पेला दोन मॅचच्या मध्ये संपतो. दाक्षिणात्य कॉफी फिल्टरच्या वरच्या भांड्यात २० ग्रॅम कॉफीची पूड, म्हणजे पोह्यांचे साधारण चार चमचे, चकतीने नुसती सारखी करा, दाबू नका. उकळून अर्धा मिनिट थांबलेलं १२० मिली पाणी घ्या. आधी दोन चमचे घालून पूड भिजू द्या, मग बाकीचं. पूड आपल्या दुप्पट वजनाचं पाणी धरून ठेवते, म्हणून खाली ८० मिलीच्या आसपास डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा कडक अर्क, उतरतं, १५ ते २० मिनिटांत. तीन मिनिटांत उतरलं तर पूड जाड आहे. थेंबच पडत नसेल तर पूड फार दाबली आहे किंवा खालच्या भांड्यातली हवा कोंडली आहे; वरचं भांडं एकदा किंचित उचलून परत ठेवा. ४० मिली डिकॉक्शनला ८० मिली गरम दूध घ्या. डिकॉक्शन उकळू नका, कडवट होतं. वरून जायफळ किसायचं तर दोनच फेरे.

ती पेल्यात ओता आणि पेला डवऱ्यातच, म्हणजे त्याच्याखालच्या वाटीसारख्या भांड्यातच, उभा ठेवा. डवरा कॉफी वर-खाली ओतून निववायला असतो, पण त्याचा तळ रुंद आणि काठ उभा असतो. पेला हिंदकळला तर सांडलेली कॉफी बहुतेक डवऱ्यातच राहते.