रामशेज ते काकांचा मळा : नव्या सर्चलाइटच्या दोन रात्री

काकांच्या मळ्यात यंदा रात्रीची लाइट असली की घरात कोणाला नीट झोप लागत नाही. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवाळीनंतरच्या पहिल्याच रात्रपाळीत शेजारच्या उसातून निघून बांधावर बसलेला बिबट्या वस्तीवरच्या दोघांनी पाहिला. काका पासष्टीचे. लाल कांद्याला पाणी भरताना त्यांच्याजवळ जी जुनी बॅटरी असते, तिचा उजेड चार वाफ्यांपलीकडे जात नाही. म्हणून मी हा सर्चलाइट घेतला. तो काकांच्या हातात देण्याआधी आपण वापरून बघावा, यासाठी कार्तिकातल्या अमावस्येला धरून दोन रात्री काढल्या. पहिली नाशिकजवळच्या रामशेज गडावर, दुसरी दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या मळ्यात. असा लाइट घेऊन गडावर किंवा शेतात जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी खरेदीबद्दल. खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. ल्यूमेन म्हणजे एकूण उजेड किती, आणि कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय. लांबचं बघायचं असेल तर कँडेला बघायचा. माझ्या लाइटवर ३,६०,००० कँडेला आणि १२०० मीटर पल्ला लिहिलाय. दोन्ही आकडे एकाच हिशेबातले आहेत. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की पल्ल्याचे मीटर येतात, सहाशे दुणे बाराशे. पण हा पल्ला उजेड पाव लक्सवर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) येईपर्यंत मोजतात, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात समोर काहीतरी आहे एवढं कळतं, ते झुडूप की जनावर हे कळत नाही. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, त्यामुळे ६०० मीटरवर एक लक्स मिळतो आणि ३०० मीटरवर चार. खोक्यावरच्या पल्ल्याचा तिसरा किंवा चौथा हिस्साच आपला, असं धरून घ्या. दोन्ही रात्री माझा अनुभव तोच होता.

सेलच्या बाबतीत फसवणूक फार आहे. १८६५० मापाचा चांगल्यात चांगला सेल ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास भरतो. त्याच मापाच्या सेलवर ९९०० छापलेलं दिसलं तर तो घेऊच नका, मग किंमत कितीही कमी असो. माझ्या लाइटमध्ये २१७०० मापाचे, ५००० एमएएचचे चार सेल आहेत आणि ते पूर्ण भरायला साडेचार-पाच तास लागतात. निघायच्या दिवशी सकाळीच चार्जिंगला लावावे लागतात.

रविवारी दुपारी मी, काकांचा मुलगा म्हणजे आमचा दादा आणि एक मित्र असे तिघे पेठ नाक्यावरून निघालो. नाशिकपासून पंधराएक किलोमीटरवर, रामशेजच्या पायथ्याला आशेवाडी आहे. गाडी लावली, सॅक उचलली आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. सॅकमध्ये दाबून बसवलेल्या लाइटचं बटण दबलं होतं. काच एवढी तापली होती की पावसाळी कव्हरला रुपयाएवढं भोक पडलं आणि कडा वितळून काचेला चिकटल्या. आत कपडे होते, सुका खाऊ होता. थोडा उशीर झाला असता तर सॅक पेटली असती. त्यामुळे हे सगळ्यात आधी करा: लाइट सॅकमध्ये ठेवण्यापूर्वी मागची टोपी अर्धा आटा सैल करायची किंवा बटण लॉक करायचं. ज्या लाइटला यातलं काहीच नाही, त्याचे सेल काढून वेगळ्या डबीत ठेवायचे.

गावात सांगूनच वर निघालो. रात्री गडावर उजेड हलताना दिसला की खालच्या माणसांना काळजी वाटते. रात्री कोणी जायचं की नाही, हेही गावातच विचारून घ्यावं. रामाच्या मंदिरावरून पायऱ्यांनी माथ्यावर पोचायला आम्हाला पाऊण तास लागला. सहाच्या आत सूर्य मावळला आणि सातपर्यंत गुडूप अंधार झाला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. रामशेजच्या समोर देहेरगड आणि भोरगड आहेत. भोरगडावर हवाई दलाचं ठाणं आहे, त्याच्या माथ्यावर जायला बंदी आहे. त्या दिशेला सर्चलाइट अजिबात मारायचा नाही. आकाशातही नाही, कारण ओझरचं विमानतळ लांब नाही आणि असा झोत वैमानिकाच्या डोळ्यांवर आला तर काय होईल हे सांगायला नको. पेठ रोडवरून रात्रभर गुजरातकडे ट्रक जातात, तिकडेही नाही. एवढं वगळून उरलेल्या बाजूला, गडाच्याच उतारावर आणि कड्यावर आम्ही फोकस मारून पाहिला. कड्याच्या कपारीत पाखरं विसाव्याला असतात, म्हणून तिथे दोन-तीन सेकंदच.

त्या दोन-तीन सेकंदांत जे दिसलं ते लख्ख आठवतंय. कातळाची एकेक भेग, त्यात उगवलेलं वाळकं गवत आणि पाणी झिरपून पडलेले काळे ओघळ दीडशे-दोनशे मीटरवर असे दिसले, जणू हात लावावा. समोरच्या टेकाडावर फोनच्या नकाशात मोजून साडेतीनशे मीटरवर एक झाड होतं. फांद्या दिसल्या, झाड कोणतं ते ओळखू आलं नाही. त्यापलीकडे नुसता फिकट डाग. पूर्ण ताकदीवर तीन मिनिटं झाली आणि उजेड आपोआप कमी झाला, कारण लाइट तापला की स्वतःला वाचवण्यासाठी ताकद उतरवतो. वारा सुटला होता म्हणून तीन मिनिटं तरी मिळाली. मोठा उजेड लागेल तेव्हाच घ्यायचा आणि लगेच खाली यायचं, ही सवय हाताला लावून घ्यावी.

मग सगळे दिवे मालवून बसलो. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढी दिली आणि तटाची कड, टाक्याचं पाणी, मित्राचा चेहरा हळूहळू उमटत गेला. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने या गडाला वेढा घातला आणि गड पाच-सहा वर्षं झुंजला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. झाडांचे बुंधे पोखरून, कातडं मढवून त्यांच्याच तोफा केल्या होत्या, असं मोगलांच्याच बाजूच्या खाफीखान या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. एका बाजूला गलका उठवून दुसऱ्या बाजूने अंधारात दोर लावण्याचा मोगलांचा डावही किल्लेदाराने ओळखला होता. त्या पहारेकऱ्यांकडे हे सरावलेले डोळे होते आणि कान होते. ते आठवून मी बराच वेळ बटणाला हात लावला नाही.

आठ वाजता ठरल्याप्रमाणे काकी मळ्यातल्या घराच्या गच्चीवर गेल्या. मळा गडाच्या पूर्वेला, सरळ रेषेत चार-साडेचार किलोमीटर. मी सर्चलाइट सगळ्यात कमी ताकदीवर ठेवून तिकडे धरला. फोनवर काकी लगेच म्हणाल्या, "दिसला रे बाळा, चांदणीपेक्षा मोठा दिसतोय." मग दादाने सर्चलाइट बंद करायला लावून कपाळावरचा साधा हेडटॉर्च मिचकावला. फोनवर क्षणभर शांतता. "हा बारीक आहे," काकी म्हणाल्या, "पण मिचकावतोय म्हणून कळतोय."

माझ्यासाठी या रात्रीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. लांबचं बघायला भरपूर उजेड लागतो, पण आपण लांबच्याला दिसायला अगदी थोडा पुरतो. डोंगरात अडकलात तर मोठा लाइट नाही म्हणून हताश होऊ नका. हेडटॉर्चही मैलोन् मैल दिसतो, मात्र तो गावातल्या दिव्यांत मिसळू नये म्हणून उघडझाप हवी. डोंगरातल्या संकटाची खूण बऱ्याच देशांत ठरलेली आहे: मिनिटाला सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा. शिट्टीलाही हेच माप.

उतरताना चूक केली. मी सगळ्यात मागे होतो आणि सर्चलाइट खांद्याच्या उंचीवर धरून सगळ्यांना वाट दाखवतोय असं मला वाटत होतं. माझ्या पुढे दादा. त्याचीच सावली त्याच्या पायापुढे डांबरासारखी काळी पडत होती आणि पाऊल टाकायचं ती नेमकी जागा दिसत नव्हती. मंदिराच्या वरच्या टप्प्यात त्याचा पाय पायरीच्या कडेवरून सटकला, घोटा मुरगळला आणि तो बसलाच. थोडक्यात निभावलं, पण दोष पूर्ण माझा होता. तिथून सर्चलाइट सॅकमध्ये गेला आणि तिघांनी हेडटॉर्च लावले. मित्राने आपला हेडटॉर्च कपाळावरून काढून कमरेशी धरला, तेव्हा दगडांच्या सावल्या लांब पडून उंचसखलपणा स्पष्ट दिसायला लागला. कपाळावरच्या उजेडात सगळं सपाट वाटतं. अवघड पायऱ्यांवर ही युक्ती करून बघाच.

सोमवारी रात्री दहाला मळ्यात लाइट आली, मोटर चालू झाली. दादा लंगडत होता म्हणून मी काकांबरोबर गेलो. पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आलं की पाणी भरणाऱ्याचे दोन्ही हात फावड्याला गुंतलेले असतात. वाफ्यात पाणी सोडायचं एक दारं (तोंड) मोडायचं, दुसरं बुजवायचं, पाटातलं पाणी फुटलं तर चिखल ओढायचा. त्यात किलोभर वजनाचा लाइट धरणार कोण? मग आम्ही कामाची वाटणी बसवली. काकांच्या कपाळावर हेडटॉर्च, कामासाठी. सर्चलाइट पट्ट्याने खांद्याला, आणि प्रत्येक दारं मोडायच्या आधी उभं राहून चहूबाजूंनी एक फेरी: ऊस, बांध, ओहोळ, परत ऊस. वाकायचं ते फेरी झाल्यावरच. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो, म्हणून वनखात्याची माणसंही सांगतात की रात्री एकट्याने जाऊ नका, हातात काठी ठेवा, बोलत राहा किंवा मोबाइलवर गाणी लावा.

साडेबाराच्या सुमारास उसाच्या कडेला, दीडशे पावलांवर, दोन डोळे चमकले. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, हिरवट पिवळे, स्थिर. अंग दिसत नव्हतं. काका हलले नाहीत. त्यांनी खाकरून मोठ्याने आवाज दिला, "कोण आहे रे तिकडं?" डोळे एकदा वळले आणि विझले. मला पुढे जाऊन बघायचं होतं. काकांनी माझं मनगट धरलं. "बघायला नाही आणला लाइट. त्याला जाऊ दे."

त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. रात्री डोळे चमकतात ते कुत्र्याचे, कोल्ह्याचे, मांजराचे आणि गुरांचेही. नुसत्या चमकेवरून जनावर ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. बिबट्या असेल तर उजेडाने तो पळेलच याची खात्री नाही, आणि दहा जणांनी फोकस मारत पाठलाग केला तर घाबरलेलं जनावर कोणावरही येऊ शकतं. त्याची वाट मोकळी ठेवायची, आपण मागे सरकत घराकडे यायचं आणि १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला कळवायचं. बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वाधिक संरक्षण आहे, ही झाली कायद्याची बाजू. पण मला काळजी वाटते ती माणसाची आणि जनावराची, दोघांचीही.

पहाटे चारनंतर ओहोळावरून धुकं चढलं. त्यात सर्चलाइट पूर्ण ताकदीवर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, वाफाही दिसत नाही. धुक्यात ताकद सगळ्यात कमी करून लाइट डोळ्यांपासून लांब, मांडीजवळ धरला तर थोडं तरी दिसतं. दाट धुक्यात मात्र काम थांबवून खोलीत बसावं. आम्ही तेच केलं. चुलीवर चहा ठेवला, मोटरचा आवाज ऐकत उजाडायची वाट पाहिली.

उजाडल्यावर उसाच्या कडेला ओल्या चिखलात पावलं सापडली. प्रत्येक बोटापुढे नखाचा बारीक टोचा होता. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत. म्हणजे रात्री पाहिलेला कोल्हा असेल, नाहीतर वस्तीवरचं कुत्रं. काकांनी वाकून ठसा बघितला आणि म्हणाले, "आजचा कोल्हा. उद्याचं उद्या."

लाइट मळ्यातच ठेवून आलोय. खोलीच्या दाराशी खुंटीला, टोपी अर्धा आटा सैल करून. दादाने चार्जिंगची वायर मोटरच्या स्टार्टरपासून लांब, वेगळ्या बोर्डावर लावून दिलीय. रात्रपाळी रविवारपर्यंत आहे. दुसरा हेडटॉर्च उद्या नाशिकहून पाठवतोय, म्हणजे काकांबरोबर जाणाऱ्या गड्याच्याही कपाळावर उजेड असेल.