बाबांच्या फायली आणि माझा बीईचा प्रोजेक्ट

कॉलेजच्या लॅबमध्ये मी बाबांची एक जुनी फाइल उघडली आणि 'मराठी' या शब्दाच्या जागी पाच इंग्रजी अक्षरं दिसली: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. लॅबच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. घरच्या मशीनवर तीच फाइल सुबक मराठीत दिसायची.

भांडुपला बाबांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, सोसायटीच्या नोटिसा, श्राद्धाची कार्डं. पेजमेकरमध्ये मजकूर लावायचा, बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि ऑफसेटवाल्याकडे पाठवायची. वीस वर्षांपेक्षा जास्त काळाच्या फायली दुकानात साठलेल्या. मी लहानपणापासून ते सगळं बघत आले, पण त्या फायलींमध्ये मराठीचं एकही अक्षर नाही, हे मला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आत सगळी इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवलेले. फॉन्ट गेला की मराठी गेलं.

मी मराठी माध्यमातली. दहावीनंतर डिप्लोमा केला आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला, मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आले. भांडुप ते घाटकोपर लोकल आणि पुढे अंधेरीपर्यंत मेट्रो, असा तीन वर्षांचा रोजचा प्रवास. डिप्लोमावाल्यांचा हात प्रोग्रामिंगवर आधीच बसलेला असतो, पण पहिल्या वर्षाचं गणित आमचं झालेलं नसतं. ते थेट एम-थ्रीला, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताच्या पेपरला भेटायचं: लाप्लास, फूरिये सीरिज, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. पास व्हायला ८० पैकी ३२ लागायचे, मला २६ पडले. केटी लागली, म्हणजे पेपर पुन्हा द्यायचा. दोन महिने रोज पहाटे उठून फक्त लाप्लासची गणितं केली आणि पुढच्या खेपेला पेपर निघाला. डिप्लोमातून येणाऱ्यांना एवढंच सांगते: दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत इंटिग्रेशन पक्कं करा. बाकीचं आपोआप जमतं, हे नाही जमत.

त्याच सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला एक प्रोग्राम होता. स्टॅक (एकावर एक रचायचं आणि वरूनच काढायचं, अशी चळत) वापरून शब्द उलटसुलट सारखाच आहे का ते बघायचं. सगळ्यांनी 'मॅडम' नाही तर 'लेव्हल' इंग्रजीत टाकून प्रिंटआउट काढले. मी 'नमन' टाकून बघितलं. प्रोग्राम म्हणाला, नाही. मला वाटलं आपलाच लूप चुकलाय. सरांना विचारलं तर ते म्हणाले, इंग्रजीत टाक, सबमिशन महत्त्वाचं आहे. मी इंग्रजीत टाकलं, सही घेतली आणि विसरले. तेव्हाच खोदून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

उत्तर मिळालं ते शेवटच्या वर्षी. कॉम्प्युटर मजकूर बाइट नावाच्या छोट्या तुकड्यांत साठवतो, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नमन' म्हणजे नऊ बाइट. माझा प्रोग्राम ते नऊ बाइट उलटे करत होता, म्हणजे 'न'च्याच आतले तीन तुकडे उलटत होता. बाइटऐवजी चिन्हं मोजली की 'नमन' पास होतं. पण मग 'नवीन' टाका. आपण वाचतो न, वी, न. उलटं वाचलं तरी नवीनच. मशीनच्या लेखी मात्र ती चार चिन्हं आहेत: न, व, दीर्घ वेलांटी, न. उलटं केलं की वेलांटी 'व'च्या आधी येऊन 'न'ला चिकटते आणि शब्द मोडतो. बाइट, चिन्ह आणि अक्षर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात 'कॅरॅक्टर' एवढा एकच शब्द होता, आणि पहिलीत बाराखडी शिकताना मात्र मला यातलं अर्धं शिकवून झालं होतं.

प्रोजेक्टसाठी आमचा चौघांचा ग्रुप. बाकीच्या ग्रुपांचे विषय चेहरा ओळखून हजेरी लावणारे नाहीतर शेअरचे भाव सांगणारे. मी बाबांच्या फायलींचा विषय मांडला: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आणायचा, आणि तो बरोबर आणायचा. पहिल्या रिव्ह्यूला पॅनेलने विचारलं, यात नवीन काय? असे कन्व्हर्टर नेटवर मिळतात. आमच्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर आल्यावर गाइड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मिळतात ना? मग ते कुठे चुकतात तेवढं शोधून आणा. तोच तुमचा प्रोजेक्ट."

त्या एका वाक्याने आमचं वर्ष तारलं.

दुकानातून दहा पत्रिकांच्या फायली आणि त्यांच्या छापील प्रती आणल्या. छापील प्रत म्हणजे पक्कं उत्तर, त्यात वाद नाही. मिळतील ते कन्व्हर्टर चालवून बघितले, आणि दहाही पत्रिकांत एक गोष्ट कुठे ना कुठे निघाली: 'आपली उपसि्थती प्रार्थनीय आहे.' असे शब्द आपण सगळ्यांनी नेटवर पाहिलेत. का होतं असं? जुन्या फॉन्टची की-बोर्डची पद्धत टाइपरायटरची. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी ठोकायची आणि अक्षर मागून, कारण कागदावर ती डावीकडे असते. युनिकोडमध्ये उलट आहे. जसं बोलतो तसं साठवायचं, आधी अक्षर आणि मग वेलांटी. पडद्यावर तिला डावीकडे नेऊन दाखवायचं काम फॉन्टचं आणि ते रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरचं. युनिकोडची देवनागरीची मांडणी इस्की या १९८८च्या भारतीय प्रमाणावरून घेतलेली आहे, आणि हा बोलण्याचा क्रम तिथूनच आलाय. म्हणजे बदलताना वेलांटी उचलून पुढे न्यायची. पण किती पुढे? साध्या कन्व्हर्टरने एक अक्षर ओलांडलं आणि तिला अर्ध्या 'स'वर ठेवून दिलं. तिला 'स्थ' हे अख्खं जोडाक्षर ओलांडायला हवं.

हे कागदावर मांडताना माझ्या हातून आपसूक गोल आणि बाण काढले गेले. एक गोल 'हात रिकामा', एक गोल 'वेलांटी हातात'. अर्धं अक्षर आलं तर त्याच गोलात राहा, पूर्ण अक्षर आलं की वेलांटी खाली ठेव आणि पहिल्या गोलात परत ये. मी त्या कागदाकडे बघत राहिले. हा तर फायनाइट ऑटोमेटा. पाचव्या सेमिस्टरला थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्समध्ये मी असले गोल घोकून काढले होते, शून्य आणि एकच्या माळांवर, आणि हे कशासाठी असतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. गुण चांगले पडले होते त्या विषयात. कळला तो दीड वर्षाने, 'उपस्थिती'मुळे.

आमच्या ग्रुपमधली एक मुलगी घरी तमिळ बोलणारी. ती म्हणाली, आमच्याकडे तर एकाराची खूणही अक्षराच्या आधी येते. तिला मराठी वाक्याचा अर्थ फारसा लागायचा नाही, म्हणूनच ती तपासणीला सर्वांत पक्की. आम्ही अर्थाच्या भरात चूक गिळायचो. ती आकाराला आकार लावून बघायची.

वेलांटी सुटली आणि रफार आडवा आला. तो छापताना अक्षराच्या डोक्यावर, म्हणून जुन्या पद्धतीत सगळ्यात शेवटी ठोकलेला. 'कर्ता'मध्ये तर कान्याच्याही नंतर. युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधी हवा, कारण उच्चार आधी आहे. म्हणजे त्याला मागे न्यायचं. 'आशीर्वाद', 'मुहूर्त', 'कार्यालय' नीट झाले. मग एका मंडळाच्या पुस्तिकेत 'सूर्याला अर्घ्य' आलं आणि आमच्या प्रोग्रामने 'अघ्र्य' करून ठेवलं. एकच अक्षर मागे जाऊन थांबला होता. 'मर्त्य'चंही तसंच, 'मत्र्य'. किती मागे जायचं ते ठरवायला आम्ही अटींवर अटी लावत गेलो. एक जोडाक्षर सुधारलं की दुसरं बिघडायचं. तीन आठवडे यातच गेले, सेकंड रिव्ह्यू डोक्यावर आलेला.

एका रविवारी मी दुकानात बसले होते. बाबा एका पत्रिकेचं प्रूफ वाचत होते, पेन्सिल शेवटच्या ओळीवर. शेवटच्या शब्दावरून वर वर चालले होते.

"उलटं का वाचताय?"

"सरळ वाचलं की डोळा मजकुरात अडकतो. उलटं वाचलं की अक्षर दिसतं. तुला लहानपणीच सांगितलं होतं की."

सांगितलं होतं. शाळेच्या निबंधांसाठी. मी तिथल्याच एका पाठकोऱ्या कागदावर 'अर्घ्य' शेवटून लिहून बघितलं. शेवटून वाचलं तर रफार पहिला भेटतो. तो हातात धरायचा, पूर्ण 'य' ओलांडायचा, त्याआधी अर्धा 'घ' आहे का बघायचं, आहे तर तोही ओलांडायचा, आणि मग खाली ठेवायचा. म्हणजे ही तीच वेलांटीची गोष्ट, दिशा तेवढी बदलली. तसेच गोल, तसेच बाण. वेलांटीसाठी ओळ पुढून वाचायची, रफारासाठी मागून. रात्री साडेअकराला मी जुन्या अटी सगळ्या पुसल्या आणि साधारण चाळीस ओळींत नवीन लिहिलं. 'अर्घ्य' बरोबर आला. 'मर्त्य' आला. 'ईर्ष्या' आला. मी आईला उठवून सांगितलं.

बारीकसारीक बरंच होतं, सगळं लिहीत नाही. दोन मात्र सांगण्यासारखी. एक म्हणजे वऱ्हाडी मंडळी. 'वऱ्हाड'मधला र हा रफार नव्हे. साधा 'र' आणि हलन्त (पाय मोडायची खूण) टाकला की 'वर्हाड' होतं. त्यासाठी युनिकोडमध्ये ०९३१ या क्रमांकाचा वेगळा 'ऱ' आहे. साध्या 'र' आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही तोच आकार निघतो. दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात आणि शोधताना एकमेकांना सापडत नाहीत. आम्ही सगळीकडे पहिलाच ठेवला. दुसरं 'ॲड.', पत्रिकेत वकील काका असतातच. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवलेलं, तेही शोधताना वेगळं पडतं. ज्यांना मराठी मजकुरावर काम करायचंय त्यांनी पहिल्या दिवशीच ही दोन ठिकाणं एकसारखी करून घ्यावीत.

ब्लॅक बुकची, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव अहवालाची धावपळ सगळ्यांची सारखीच असते. मार्जिन डावीकडे जास्त, सर्टिफिकेटच्या पानावर सह्या, काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं. आमच्या बुकातले मराठी शब्द बाइंडिंगवाल्याच्या मशीनवर चौकोन होऊन छापले गेले, म्हणून ती पानं बाबांच्या दुकानातून पुन्हा काढून आणली.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक आले ते मराठीच होते. प्रेझेंटेशन त्यांनी अर्ध्यावर थांबवलं आणि म्हणाले, "मला टाइप करू द्या." जुन्या पद्धतीची की-बोर्डची पट्टी आम्ही शेजारी ठेवली होती, पण त्यांना तिची गरज पडली नाही, तरुणपणी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यांनी स्वतःचं आडनाव टाइप केलं. त्यात 'ऱ्हा' होता. बटण दाबलं, बरोबर आलं. मग विचारलं, रफारासाठी मागून का वाचता, बफर (मजकूर तात्पुरता धरून ठेवायची जागा) ठेवून पुढूनच का नाही? मी म्हटलं, सर, बफर ठेवूनही होतं, पण मागून वाचलं की दोन्हीकडे एकाच धाटणीचं यंत्र चालतं, तपासायला सोपं जातं. ते त्यावर दहा मिनिटं बोलत राहिले. संपूर्ण इंजिनीअरिंगमध्ये मी एवढ्या मोकळेपणाने मराठीत तांत्रिक बोललेली ती एकच वेळ.

निकालानंतर महिन्याभराने मंडळाची ती पुस्तिका पुन्हा छापायला आली. पूर्वी बाबांनी ती सगळी परत टाइप केली असती. या वेळी आमच्या प्रोग्राममधून काढली आणि बाबा प्रूफ घेऊन बसले, नेहमीसारखे शेवटाकडून. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. 'स्वत:'. विसर्गाच्या जागी साधा कोलन होता.

"चूक तुझी नाही," बाबा म्हणाले. "विसर्गाची की वेगळी होती, पण लांब होती. घाईत हात कोलनवर जायचा."

दिसायला दोन्ही सारखेच, दोन टिंबं. 'वेळ:' नंतरचा कोलन खरा आणि 'स्वत:' नंतरचा खोटा, हे आकारावरून कळायला मार्ग नाही. ऑटोमेटा इथे कामाचा नाही, शब्दच माहीत हवेत. बाबांनी एक जुनी पत्रिका पालथी घातली आणि पाठीमागे लिहायला घेतलं: स्वतः, दुःख, अंतःकरण, प्रातःकाळ, विशेषतः, अक्षरशः, क्रमशः, शतशः. मध्येच थांबून डोळे मिटायचे, बोटं टेबलावर की शोधायची, आणि पुढचा शब्द. चहा येईपर्यंत सव्वीस झाले होते.