तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगा पाणबुडीवर अणुभट्टी चालवायला जातो म्हणतोय

मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांची पत्रं येऊ लागली, की मला ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात. बहुतेक वेळा कुणीतरी काकू किंवा काका असतात. "मुलगा शेवटच्या वर्षाला आहे. गणित चांगलं आहे, पण कॉलेजचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो. नेव्हीवाले शाळेत आले होते, त्यांनी परीक्षा घेतली आणि याला न्यूक्लिअरला घेतो म्हणाले. तू केलंयस ना हे? पाठवू का? पुढे काय?" मग आवाज जरा खाली येतो. "पण ऑफिसर नाही म्हणे. नुसता सेलर."

हो, मी केलंय. जन्म डोंबिवलीचा, आठवीनंतर आईबाबांबरोबर न्यू जर्सीत आलो, त्यांच्याबरोबरच नागरिक झालो आणि हायस्कूल संपल्यावर अमेरिकन नेव्हीत मशिनिस्ट्स मेट म्हणून सही केली. पाणबुडीच्या इंजिनरूममध्ये दिवस काढले. आता पेनसिल्व्हेनियातल्या एका अणुवीज केंद्रात ऑपरेटर आहे. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

"नुसता सेलर" याचा निकाल आधी लावू. अणुभट्टी प्रत्यक्ष हाताळतात ते हेच लोक. तीन शाखा आहेत: यंत्रांसाठी मशिनिस्ट्स मेट, विजेसाठी इलेक्ट्रिशियन्स मेट आणि भट्टीच्या नियंत्रणासाठी इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन. पाणबुडीच्या मागच्या बाजूला मॅन्यूव्हरिंग नावाची चिंचोळी खोली असते. तिथे पॅनेलसमोर बसून भट्टीची शक्ती वाढवणारा रिअॅक्टर ऑपरेटर बरेचदा बावीस-तेवीस वर्षांचा असतो आणि त्याच्याकडे पदवी नसते. त्याच्या मागे एक अधिकारी उभा असतो, पण बटणावर हात या मुलाचा. आमच्या नात्यातले एक काका भारतीय नौदलाच्या लोणावळ्यातल्या आयएनएस शिवाजी या प्रशिक्षण केंद्रात शिकून आर्टिफिसर, म्हणजे नौदलातले तंत्रज्ञ, झाले होते. सगळ्या गोतावळ्यात त्यांनाच हे न समजावता समजलं.

आता "पुढे काय?" हा प्रश्न सगळ्यांना सतावतो आणि नेमकं त्याचंच उत्तर सोपं आहे. नोकरी मिळते, चांगली मिळते. किंमत मोजायची असते ती आधी, विशीतल्या सहा वर्षांत, आणि त्याबद्दल मला फारसं कुणी विचारत नाही.

करार किमान सहा वर्षांचा. शिकागोजवळच्या ग्रेट लेक्सला बूट कॅम्प, मग साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळ गूस क्रीकला शाळा. आधी आपापल्या शाखेचं शिक्षण, मग सहा महिने पॉवर स्कूल, मग आणखी सहा महिने खऱ्या चालत्या भट्टीवर. त्याला प्रोटोटाइप म्हणतात. पॉवर स्कूलमध्ये गणित, भौतिकशास्त्र, रसायन, उष्णतावहन, भट्टीची तत्त्वं, किरणोत्सर्गापासून संरक्षण असं सगळं भराभर येतं. वह्यापुस्तकं गोपनीय, ती इमारतीबाहेर न्यायची नाहीत. त्यामुळे अभ्यास म्हणजे रात्री परत त्याच इमारतीत जाऊन बसणं. ज्यांचे मार्क कमी, त्यांना जास्त तास सक्तीने. घोकंपट्टीवर निभावेल असं वाटणारी आपली मुलं इथे पहिला फटका खातात, कारण शेवटी तोंडी परीक्षा असते आणि समोरचा प्रत्येक उत्तरावर "का?" एवढंच विचारत राहतो.

नापास झालं तर? घरी पाठवत नाहीत. करार चालूच राहतो आणि नेव्हीला जिथे माणूस हवा असेल तिथे मुलगा जातो, मग तो रंगकाम का करेना. हे सही करण्याआधी समजून घ्या.

प्रोटोटाइपच्या भट्ट्या न्यूयॉर्क राज्यात बॉलस्टन स्पाला आहेत आणि चार्ल्सटनला धक्क्याला कायमच्या बांधलेल्या जुन्या पाणबुड्यांमध्येही. त्यांतली एक सॅन फ्रान्सिस्को. ही बोट जानेवारी २००५ मध्ये ग्वामच्या दक्षिणेला पाण्याखालच्या डोंगरावर पूर्ण वेगात आदळली होती. एक खलाशी गेला, बरेच जखमी झाले, पुढचा भाग चेपून गेला. पण भट्टीला काही झालं नाही आणि बोट स्वतःच्या शक्तीवर बंदरात परतली. नंतर होनोलुलू नावाच्या निवृत्त बोटीचं नाक कापून तिला बसवलं. आता तिच्यावर पोरं शिकतात. पाणबुडीत धोका कुठे असतो हे विचारणाऱ्यांना मी तिची गोष्ट सांगतो. भट्टीला घाबरू नका, समुद्राला घाबरा. किरणोत्सर्गाचं म्हणाल, तर पट्ट्याला डोस मोजणारं डोसीमीटर लावलेलं असतं, त्याचा हिशेब ठेवला जातो, आणि खोल पाण्याखाली अवकाशातून येणारे किरण फारसे पोहोचत नाहीत.

मग बोट. पाणबुडीला आम्ही जहाज म्हणत नाही, बोटच म्हणतो. व्हर्जिनिया जातीची बोट साधारण ३७७ फूट लांब. त्यात सव्वाशेच्या वर माणसं आणि खिडकी एकही नाही. वेग किती, खोली किती, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर द्यायचं: २५ नॉटपेक्षा जास्त, ८०० फुटांपेक्षा खोल. पुढचं लग्नाच्या पंगतीत विचारू नका, मी जिलबी वाढून घेईन.

नवीन मुलगा बोटीवर येतो तेव्हा त्याला गूस क्रीकचं सगळं पाठ असतं आणि उपयोग शून्य असतो. त्याला 'नब' म्हणतात. हातात क्वॉल कार्ड, म्हणजे सह्या गोळा करायचं कार्ड, मिळतं. एकेका यंत्रणेसाठी जाणत्याकडे जायचं, तो उलटसुलट विचारणार, समाधान झालं तर सही करणार. आपला वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपल्यावर झोपायच्या वेळेतून हे करायचं. सह्या मागे पडल्या की नाव 'डिंक' यादीत, आणि पिक्चर बघणं बंद. इंजिनरूमच्या वॉचसाठी वेगळ्या सह्या आणि पाणबुडीवाला म्हणून चांदीचे डॉल्फिन छातीवर लागावेत म्हणून वेगळ्या. त्यात टॉर्पेडोपासून स्वयंपाकघराच्या ड्रेनपर्यंत अख्खी बोट येते. डोळ्यांवर अंधार करून, हवेचा मुखवटा चढवून, हाताने चाचपत पुढचं हवेचं तोंड शोधून दाखवावं लागतं. आग लागली की धुरात असंच करायचं असतं.

इंजिनरूमच्या खालच्या मजल्यावरचा रात्रीचा वॉच बाहेरून अगदी कंटाळवाणा. ठरावीक वेळाने फेरी मारायची, पंपांची तापमानं, तेलाची पातळी, दाब वाचून लॉगशीटवर लिहायचं. मर्यादेबाहेरचा आकडा लाल गोलात. माझ्या हाताखाली एक मुलगा शिकत होता. हुशार, माझ्यापेक्षा भराभर गणितं सोडवणारा. एका फेरीनंतर त्याची शीट बघताना मी विचारलं, "हा दाब कुठे वाचलास? दाखव." आम्ही दोघं पंपापाशी गेलो. गेज, म्हणजे दाब दाखवणारी तबकडी, तपासून जुळवण्यासाठी काढून नेलं होतं. पाइपच्या तोंडाला टोपण आणि त्यावर लटकणारा टॅग. त्याने मागच्या तासाचा आकडा उतरवला होता, आणि मागच्याने त्याच्या मागच्याचा.

न वाचताच आकडा लिहिण्याला गनडेकिंग म्हणतात. त्या रात्री धोका काहीच नव्हता. तरी सकाळी क्रिटिक, म्हणजे चौकशीची बैठक, बसला. त्यात सगळ्यांनी लेखी जबाब द्यायचे आणि कोण, कधी, कुठे उभा होता ते मिनिटामिनिटाने मांडायचं. त्याला आणि त्याच्या आधीच्याला, दोघांनाही वॉचवरून काढलं आणि सह्या पहिल्यापासून करायला लावल्या. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. चीफ एवढंच म्हणाला, की मला खोटं गेज परवडतं, खोटा माणूस नाही. २०१४ मध्ये चार्ल्सटनच्या प्रशिक्षण बोटीवर परीक्षेची उत्तरं हातोहात फिरल्याचं उघडकीला आलं, तेव्हा किमान ३४ जणांना नेव्हीने न्यूक्लिअरमधून घालवलं, माणसांची टंचाई असूनही. १७ जानेवारी १९५५ ला नॉटिलस ही जगातली पहिली अणुपाणबुडी पहिल्यांदा अणुशक्तीवर निघाली. त्यामागचा हट्टी माणूस अॅडमिरल हायमन रिकोव्हर. पोलंडमधून लहानपणी आलेला, एका शिंप्याचा मुलगा. त्याने घालून दिलेली ही शिस्त अजून तशीच आहे आणि पुढे नोकरी देणारे पैसे मोजतात ते याचेच. उष्णतावहनाची समीकरणं मी केव्हाच विसरलो.

आता जे कुणी विचारत नाही ते.

झोप. माझ्या आधीच्या लोकांचा दिवस १८ तासांचा होता, सहा तास वॉच आणि बारा तास बाकी सगळं. आता तो २४ तासांचा झालाय, त्याने बराच फरक पडला. पण माणसं कमी असली की झोपेवरच गदा येते. बंक कमी, म्हणून नव्या पोरांपैकी तिघांत दोन. एक उठला की त्याच्या गरम गादीवर दुसरा.

बंदर. बोट निघायची असते तेव्हा भट्टी चालू करायला न्यूक्लिअरवाले सगळ्यांच्या आधी येतात. परतल्यावर पुढच्या भागातले लोक बायकापोरांना मिठ्या मारत असतात आणि आम्ही आत भट्टी थंड करत असतो. जे राग धरतात ते याच गोष्टीचा धरतात.

घरचा संपर्क. ईमेल अधूनमधून, तीही तपासून आलेली, कधी आठवडेच्या आठवडे काही नाही. निघण्याआधी लिहून द्यावं लागतं, की घरी कुणी गेलं तर आत्ता सांगायचं की परतल्यावर. वीस वर्षांच्या मुलाने आजीबद्दल हे लिहून द्यायचं असतं. यावर आईवडिलांनी मुलाशी आधी बोलावं, तो स्वतःहून विषय काढणार नाही.

आणि वास. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषायला अमाइन नावाचं रसायन वापरतात, त्याचा वास कपड्यांतून जात नाही. आई माझी बॅग गॅरेजमध्येच उघडायला लावायची.

पैशांचं थोडक्यात सांगतो. भरतीचा बोनस असतो, समुद्रावरचा आणि पाणबुडीचा वेगळा भत्ता असतो, आणि पुन्हा सही केली तर मिळणारी रक्कम डोळे फिरवणारी असते. गोम तिथेच आहे. स्टार नावाच्या योजनेत लवकर सही केली की वरची रँक लगेच मिळते आणि पैसेही. काही मुलं बोटीचं तोंड बघायच्या आधीच सही करून नवी गाडी घेतात. माझं स्पष्ट मत: पाण्याखाली एक मोठी फेरी झाल्याशिवाय दुसरी सही नाही. वीस वर्षं काढली तर चाळिशीच्या आत पेन्शन सुरू होतं, आणि काहींना ते जमतंही. मला जमलं नसतं.

बाहेर पडल्यावर अणुवीज केंद्रं आम्हाला हातोहात घेतात. आधी प्लांटमध्ये फिरणारा ऑपरेटर, मग दीड-दोन वर्षांचा वर्ग आणि सरकारी परवाना. परवानाधारक ऑपरेटरचा पगार वर्षाला एक लाख डॉलरच्या वर सहज जातो. मात्र परवाना त्या एका केंद्रापुरता असतो आणि बारा-बारा तासांच्या फिरत्या पाळ्या सुटत नाहीत. केंद्रही बंद होऊ शकतं: न्यू जर्सीतलं ऑयस्टर क्रीक २०१८ मध्ये गेलं, न्यूयॉर्कजवळचं इंडियन पॉइंट २०२१ मध्ये. आता वारं उलटं फिरलंय. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्राची २०१९ मध्ये बंद झालेली भट्टी मायक्रोसॉफ्टला वीज देण्यासाठी पुन्हा सुरू करण्याचा करार २०२४ मध्ये झाला. डेटा सेंटरवालेही आमच्या मागे असतात. तिथे भट्टी नसते. पण जनरेटर, चिलर, स्विचगिअर असतात आणि रात्री तीन वाजता कागदावरची पायरी न गाळणारा माणूस लागतो. शिवाय बोटी बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारखाने आहेतच.

पदवी? जीआय बिल या सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून ३६ महिन्यांचं शिक्षण निघतं. न्यू जर्सीचं थॉमस एडिसन किंवा न्यूयॉर्कचं एक्सेल्सिअर ही विद्यापीठं नेव्हीच्या शिक्षणाचे भरपूर क्रेडिट धरतात. मी नोकरी करता करता पदवी पुरी केली.

मग पाठवायचं का? मुलाला खरोखर इंजिनिअर व्हायचं असेल आणि चांगल्या कॉलेजात जागा मिळाली असेल, तर कॉलेजातच जाऊ द्या. न्यूक्लिअरची हौस असली तर तिथूनही अधिकारी म्हणून घेतात, शिकत असतानाच पगार देतात. पण डोकं आहे, बूड टेकत नाही, आणि कर्ज काढून पहिलं वर्ष वाया घालवणार हे तुम्हाला दिसतंय, अशा मुलासाठी याच्याइतकं चांगलं मला काही माहीत नाही. मुलीसाठीही, २०१६ पासून पाणबुड्यांवर मुली सेलर म्हणून आहेत. आधीच खिन्न राहणारा मुलगा असेल आणि "नेव्हीत गेला की सुधारेल" असा विचार असेल, तर मात्र नको. तिथे कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो.

दोन कागदी गोष्टी. ग्रीन कार्डवर हे होत नाही, नागरिकच लागतो. आणि भरती करणारा गोरा माणूस तुम्हाला जे सांगणार नाही ते हे: परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा असून गेलेल्याला भारत सरकार ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं) देत नाही. माझ्या भावाकडे आहे, माझ्याकडे नाही. डोंबिवलीला जायचं तर मला दर वेळी व्हिसा बघावा लागतो. अर्जात सैन्यात होतात का असा रकाना आहे, तिथे खरं लिहायचं, आणि मग कधीकधी फाइल रेंगाळते. तेव्हा डिसेंबरातल्या लग्नाला यायचं असेल, तर मुहूर्त ठरल्याबरोबर मला कळवत जा. पत्रिका छापून होईपर्यंत थांबू नका.