बोईंग वायसी-१४ ची एचिंग प्लेट: लाइनवर्क संपलं, आता टोन

मंडळी, एचिंगसाठी (रसायनाने रेषा कोरून मग शाईने छापायचं चित्र) तांब्याच्या प्लेटवरचं लाइनवर्क झालं आणि पहिला प्रूफ (चाचणीची छाप) निघाला, इंजिनं मनासारखी उतरलीयत. हे विमान ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन एअर फोर्सला सी-१३० हर्क्युलिसच्या जागी छोट्या कच्च्या रनवेवरून उडणारं जेट कार्गो विमान हवं होतं, म्हणून बोईंगने हे प्रायोगिक विमान बनवलं, ९ ऑगस्ट १९७६ ला ते पहिल्यांदा उडालं, एकूण दोनच बनली आणि पुढे तो अख्खा प्रोग्रामच गुंडाळला गेला.

मला वेड लावलं ते इंजिनांच्या जागेने. दोन्ही सीएफ६ टर्बोफॅन जेट इंजिनं पंखाच्या खाली नाहीत तर वर, पुढे काढून, फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) अगदी खेटून, म्हणजे एक बंद पडलं तरी विमान एका बाजूला फार ओढलं जात नाही. एक्झॉस्ट पंखाच्या पाठीवरून जातो आणि मागचे फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) खाली वळले की तोही त्यांना चिकटून खाली वळतो, हाच तो कोआंडा इफेक्ट, त्यामुळे कमी स्पीडलाही भरपूर लिफ्ट मिळते. म्हणून अँगल थोडा वरून घेतलाय, खालून काढलं असतं तर विमानाचा जीवच झाकला गेला असता.

बाईट, म्हणजे रसायनाने रेषा कोरणं, टप्प्याटप्प्याने दिला. टी-टेलच्या (टी आकाराच्या शेपटीच्या) रेषा आधी स्टॉप-आउट केल्या, म्हणजे झाकून त्यांची कोरणी थांबवली, मग पंखाचं टोक, मग फ्यूजलाज, आणि जवळच्या इंजिनाचं तोंड फेरिक क्लोराईडमध्ये सगळ्यात जास्त वेळ राहिलं. प्लेट पालथीच ठेवा, नाहीतर गाळ रेषांमध्ये साचतो आणि बाईट मंदावतो. नॉझलच्या (एक्झॉस्ट बाहेर पडतो त्या तोंडाच्या) मागे क्रॉसहॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेषा) मुद्दाम टाळलं, तिथे सगळ्या रेषा हवा जाते त्याच दिशेने, फ्लॅपच्या वळणावर थोड्या दाट होत जाणाऱ्या. रिव्हेट म्हणजे निडलचे नुसते ठिपके, तेही उजेड-सावलीच्या सीमेवरच, सगळीकडे दिले की पत्रा खरखरीत वाटायला लागतो. बाजूची अक्षरं ट्रेसिंग उलटं ठेवून काढली, प्रूफवर सरळ आली.

रेफरन्ससाठी ॲरिझोनात टूसॉनच्या पिमा म्युझियममधल्या विमानाचे फोटो बघा, फ्लॅपचे जोड त्यात छान दिसतात.

आता राळेचा ॲक्वाटिंट (राळेची पूड प्लेटवर चिकटवून सावलीचा टोन कोरणं), पोटाखाली गडद आणि मागच्या रॅम्पजवळ मध्यम. पंखाची पाठ मात्र कोरी ठेवणार, तिथे शाई पुसताना शेवटचा हात तळव्यानेच फिरवायचा विचार आहे. कोणी सपाट पत्र्यासाठी याहून बारीक राळ वापरली असेल तर सांगा.